चाकाच्या मध्यावरचे सहा बोल्ट

जुन्या जीपच्या पुढच्या चाकासमोर उकिडवं बसलं की चाकाच्या मध्यावर मुठीएवढी धातूची डबी दिसते. तिच्या तोंडावर फिरवायची चकती असते. चकतीच्या एका अंगाला 'फ्री', दुसऱ्या अंगाला 'लॉक' अशी अक्षरं आणि कडेने सहा बोल्टांची माळ. कोकणातल्या कुडाळच्या गॅरेजांत हिला कुणी हब लॉक म्हणतं, कुणी फ्री व्हील हब. मिरगाच्या तोंडावर अशी गाडी येते आणि मालकाची तक्रार ठरलेली असते: चढाला फोर व्हील टाकलं की पुढून 'कट्' असा आवाज येतो. मेस्त्री डबीवरचा लाल चिखल पुसतो आणि एकेक बोल्ट बोटांनी चाचपतो. दोन बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या चिमटीत फिरतात. तिसऱ्याचं डोकं हातात येतं आणि दांडी आत राहते.

हे तुटकं डोकं भंगारात टाकण्याआधी उजेडात धरून पाहावं. तुटलेल्या तोंडाच्या एका कडेपासून बारीक कमानी निघालेल्या असतात, भरती उतरताना तारकर्लीच्या वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात तशा एकीमागे एक. तो भाग गुळगुळीत असतो. उरलेला छोटा भाग मात्र खडबडीत, खडीसाखरेसारखा चमकणारा. याचा अर्थ बोल्ट त्या दिवशीच्या चढाला तुटलेला नाही. कित्येक दिवस तो रोज थोडा थोडा चिरत गेला, आणि चढावर फक्त शेवटचा खडबडीत तुकडा सुटला. पोलादाच्या या दुखण्याला थकवा म्हणतात. हे दुखणं बोल्ट नरम होता म्हणून येतं त्याहून कितीतरी अधिक वेळा तो सैल होता म्हणून येतं. मजबूत बोल्ट निवडण्याचा सगळा विचार इथून सुरू करावा लागतो.

त्याआधी ही डबी चाकावर आली कशी, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना अशी डबी नव्हती. ॲक्सलची दांडी आणि चाकाचा हब एका जाड चकतीने, म्हणजे ड्राइव्ह फ्लँजने, कायमचे जोडलेले असत. ड्रायव्हरने दांडा ओढून फोर व्हील काढलं तरी इंजिनाचा जोर तेवढा थांबे. चाकं फिरत असल्याने ती उलट ॲक्सलला, डिफरन्शिअलला आणि लांबलचक प्रोपेलर शाफ्टला फिरवत राहत. रणांगणावर याचं कुणाला काही नव्हतं. युद्ध संपून जीप शेतकऱ्याच्या आणि पोस्टमनच्या हाती आली, तेव्हा मात्र पेट्रोल, आवाज आणि झीज डोळ्यांत भरू लागली. 1948 मध्ये अमेरिकेत सिॲटलला आर्थर वॉर्न यांनी चाकाला ॲक्सलपासून सोडवणारा हब बनवायला घेतला. चकती 'फ्री'वर असली की चाक मोकळं फिरतं आणि ॲक्सल झोपलेला राहतो. 'लॉक'वर फिरवली की आतली दातेरी कडी सरकते आणि दांडी व चाक एक होतात.

भारतातली जीप मुंबईची. विलीस जीपची जोडणी 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी सुरू केली, माझगावच्या कारखान्यात. पुढे हीच गाडी नावं आणि इंजिनं बदलत दशकानुदशकं निघत राहिली. कोकणात तिने काय केलं नाही? चिरेखाणीवर ती गेली, काजूच्या बागेत गेली, लग्नाचं वऱ्हाडही तिने वाहिलं. माणगाव खोऱ्यात शिवापूरकडे, मनोहरगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्या वाटांवर आणि पावसाळ्यात आडव्या येणाऱ्या व्हाळांतून पुढची दोन चाकं ओढत नसतील, तर आजही ही गाडी जागच्या जागी भोवरा करते.

आता डबीतला खरा प्रश्न. ॲक्सलच्या दांडीतून आलेला पीळ हबच्या कवचात येतो आणि कवचातून चाकात जातो. कवच आणि चाकाचा हब यांना जोडणारं काय? हे सहा बोल्ट. म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की पीळ बोल्टांच्या दांड्यांवर आडवा येतो, सुरी भोपळ्यावर येते तसा, आणि दांड्या जितक्या कणखर तितकं बरं. ही समजूत सर्वदूर आहे आणि तिच्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात.

बोल्टाचं काम वेगळं आहे. बोल्ट ही ताठ स्प्रिंग आहे. आवळताना तो केसभर लांबतो आणि मूळ लांबीला परत यायला धडपडतो. त्या धडपडीत तो दोन धातूंची तोंडं एकमेकांवर प्रचंड दाबतो. दाबलेल्या तोंडांमध्ये घर्षण होतं आणि पीळ त्या घर्षणातून पार होतो. बोल्ट नीट आवळलेला असेल तर त्याच्या दांडीला आडवा भार जाणवतही नाही.

थोडा हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, पण जुन्या जीपच्या जवळचे. पुढच्या एका चाकावर 300 किलो भार आहे, चाक चांगल्या कातळावर आहे आणि पकड भाराच्या 0.8 पट मिळते. चाकाची त्रिज्या 35 सेंटिमीटर. तर चाक घसरण्याआधी जास्तीत जास्त 84 किलोग्रॅम-मीटर पीळ घेईल. इंजिनाला तो देणं जड नाही. युद्धकाळच्या जीपमध्ये पहिला गिअर, लो गिअर आणि डिफरन्शिअल मिळून इंजिनाचा पीळ साधारण 25 पट वाढतो. बोल्टांची माळ मध्यापासून 4 सेंटिमीटरवर आहे असं धरलं, तर तिथे 2,100 किलोचा रेटा येतो. सहा बोल्टांत वाटला तर प्रत्येकी 350.

आता 8 मिलिमीटरचा मध्यम प्रतीचा बोल्ट घ्या. तो आट्यांमधून आडवा कापायला सुमारे 1,600 किलो लागतात. म्हणजे सहाही बोल्टांनी भार सारखा उचलला तर मध्यम प्रतीचा बोल्टही चौपटीहून अधिक सामर्थ्य राखून असतो. मग तुटतो का? कारण भार सारखा वाटला जात नाही. कवचाची भोकं बोल्टापेक्षा थोडी मोठी असतात, नाहीतर बोल्ट आत जाणारच नाहीत. दाब कमी पडून कवच त्या फटीएवढं सरकलं की सहांपैकी एखादाच बोल्ट आधी भोकाच्या कडेला टेकतो आणि 2,100 किलो त्या एकट्याच्या अंगावर येतात. तो गेला की दुसरा टेकतो. गाडी मागेपुढे डुलवून काढताना कवच दर वेळी इकडून तिकडे आपटतं. चिमटीत फिरणारे दोन आणि तुटलेला एक, हे दृश्य असं तयार होतं.

सरकू द्यायचं नसेल तर दाब किती हवा? कोरड्या स्वच्छ धातूचं घर्षण 0.15 धरलं तर प्रत्येक बोल्टाने साधारण 2,300 किलो दाब धरला पाहिजे. प्रतीचं महत्त्व इथे येतं. जास्त कणखर बोल्ट जास्त ताणता येतो, म्हणून तो जास्त दाबतो.

बोल्टाची प्रत त्याच्या डोक्यावर लिहिलेली असते. मिलिमीटरच्या बोल्टावर 8.8, 10.9 किंवा 12.9 असे आकडे उठवलेले असतात. पहिल्या आकड्याला 100 ने गुणलं की पोलाद किती मेगापास्कल ताणाला तुटेल ते मिळतं. दशांशानंतरचा आकडा सांगतो की त्या ताणाच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबेल. म्हणजे 10.9 चा बोल्ट साधारण 1,000 ला तुटतो आणि 900 पर्यंत आवळला तरी परत आखडतो. 8 मिलिमीटरच्या मापात, ताण सुरक्षित मर्यादेच्या तीन चतुर्थांशावर ठेवला, तर 8.8 चा बोल्ट सुमारे 1,600 किलो दाबतो, 10.9 चा 2,300 आणि 12.9 चा 2,700. वरच्या हिशेबाशी ताडून पाहिलं तर 8.8 उणा पडतो आणि 10.9 जेमतेम पुरतो. इंची बोल्टांवर आकडे नसतात, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड 5, जो साधारण 8.8 च्या तोडीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड 8, 10.9 च्या जवळचा. ज्याच्या डोक्यावर काहीच नाही तो बोल्ट फाटकाला लावावा, हबला नाही.

डोक्यावरची खूण खरी असेलच असंही नाही. अमेरिकेत 1980 च्या दशकात ग्रेड 8 च्या सहा रेघा उठवलेले पण हलक्या पोलादाचे बोल्ट एवढे पसरले की 1990 मध्ये तिथे बोल्टांच्या दर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे खुल्या पेटीतून वजनावर बोल्ट घेताना हे आठवावं. आकड्याशेजारी बनवणाऱ्याची खूण नसेल तर तो बोल्ट परत पेटीत टाकावा. टीव्हीएस किंवा अनब्राको अशी खूण असलेला बोल्ट चांगल्या दुकानात मिळतो आणि सहा बोल्टांच्या किमतीतला फरक एका चहापाण्याएवढा असतो.

पण प्रत पाहण्याआधी माप पाहावं लागतं, आणि जुन्या जीपमध्ये खरी फसगत मापात होते. ही गाडी जन्माने इंची. 1841 मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं पहिलं सर्वमान्य माप सुचवलं. अमेरिकेने पुढे आपलं वेगळं धरलं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात. म्हणून नोव्हेंबर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एकच इंची आटा ठरवला. वॉर्न यांनी हबच्या कामाला हात घातला तेही हेच वर्ष. भारताने मात्र 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं घेतली. पुढे महिंद्रांच्या एमएम 540 मध्ये फ्रान्सच्या प्यूजो घराण्याचं डिझेल इंजिन आलं, तेव्हा त्या एकाच गाडीत दोन खंडांची मापं शेजारी नांदू लागली. ॲक्सलकडे इंची, इंजिनाकडे मिलिमीटर.

यातला घात असा. पाच सोळांश इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटर जाड असतो. 8 मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या भोकात दोन-तीन फेरे सहज जातो. मग जड लागतो. पण इंची जाड आट्यांमधलं अंतर 1.41 मिलिमीटर आणि मेट्रिकचं 1.25. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला ते एकमेकांवर चढतात. घाईतला माणूस समजतो, भोकात गंज आहे, आणि लांब पाना लावतो. बोल्ट आत जातो, पण हबचे आटे खरवडून जातो. पान्याला आलेला जोर हा खरवडण्याचा जोर असतो, दाबाचा नव्हे. मालवणीत मेस्त्री म्हणतो "घट्ट झालो", आणि तो खोटं बोलत नसतो, त्याच्या हाताला तसंच लागलेलं असतं. म्हणून नवा बोल्ट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जातो का ते पाहायचं. गेला नाही तर थांबायचं आणि पिच गेज लावायचा. दाती पात्यांचं हे छोटं हत्यार प्रत्येक लेथवाल्याकडे असतं, आणि जुन्या जीपच्या मालकाने ते स्वतःजवळही ठेवावं.

लांबीचा प्रश्न याहून कमी बोलला जातो आणि याहून जास्त नडतो. फ्लँज काढून हब लॉक बसवला की मधल्या धातूची जाडी बदलते. जुने बोल्ट आखूड पडले तर तीन-चार आट्यांवरच लटकतात. बिडाच्या हबमध्ये बोल्ट निदान त्याच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट खोल गेला पाहिजे. उलट बोल्ट लांब झाला तर त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकतं. पाना अडतो, टॉर्क रेंच 'टक' करतो, आणि डोक्याखाली कवच मोकळंच राहतं. भोकात काडी घालून खोली मोजायला अर्धं मिनिट लागतं.

मग 10.9 जेमतेम पुरतो म्हटल्यावर सरळ 12.9 चे काळे ॲलन बोल्ट का लावू नयेत? हा प्रश्न कुडाळात वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो, कारण समुद्र जवळ आहे. पोलाद जितकं कडक तितकं ते हायड्रोजनला भितं. गंज चढताना किंवा कारखान्यात आम्ल लावून झिंकचा मुलामा देताना हायड्रोजनचे अणू धातूत शिरतात. कडक, ताणलेल्या पोलादात ते भेग उकलतात. बोल्ट आवळला त्या दिवशी ठीक असतो आणि आठवड्याने उभ्या गाडीत तुटतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या नव्या बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये हेच घडलं. जस्ताचा मुलामा दिलेल्या, तीन इंच जाडीच्या 96 पोलादी सळया ताणल्या, आणि काही दिवसांत त्यांतल्या 32 तुटल्या. तिथे अभियंत्यांची फौज होती, तपासण्या होत्या. 12.9 चा बोल्ट या धोक्याच्या पट्ट्यात बसतो, 10.9 बहुतांशी त्याच्या अलीकडे राहतो. देवबागच्या वाळूत आणि खाडीच्या पाण्यात जाणाऱ्या गाडीला म्हणूनच चांगल्या खुणेचा 10.9, आणि मूळ गाडी इंची असेल तर ग्रेड 8, हीच योग्य निवड. 12.9 लावायचाच असेल तर झिंकच्या मुलाम्याचा कधीही घेऊ नये. काळा घ्यावा आणि डोक्यावर ग्रीस ठेवावं.

स्टेनलेस तर नकोच. किनाऱ्यावर लोकांना तो आवडतो, कारण तो चकाकत राहतो. पण नेहमी मिळणारा ए2-70 हा बोल्ट 450 मेगापास्कललाच कायमचा लांबतो, म्हणजे 10.9 च्या निम्म्यावर. वर त्याचे आटे आवळताना एकमेकांना चिकटतात. आणि हबचं कवच ॲल्युमिनियमचं असेल तर खाऱ्या पाण्यात स्टेनलेस शाबूत राहतो आणि कवच खाल्लं जातं.

काही जण म्हणतात, बोल्ट मुद्दाम नरम ठेवावेत, म्हणजे महागड्या ॲक्सलच्या आधी स्वस्त बोल्ट तुटतील, घरातल्या फ्यूजसारखे. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण चूक आहे. फ्यूज ठरलेल्या भाराला उडतो. सैल बोल्ट कुठल्याही भाराला तुटतो. तो तुटताना हबचं भोक लांबट होतं आणि कवचाची बैठक घासली जाते. शिवाय तो तुटतो चढावर किंवा उतारावर. ओल्या चिखलाच्या उतारावर लो गिअरमध्ये चारही चाकं गाडीला धरून ठेवत असताना पुढचं एक सुटलं, तर डिफरन्शिअलमुळे पुढचा सगळा ॲक्सल निकामी होतो आणि दोन टनांची भरलेली गाडी मागच्या चाकांवर घसरते. यात माणसाचा जीव आहे. तिथे काटकसर करायची जागा नाही.

जपानी गाड्यांनी या सगळ्याला सुंदर उत्तर दिलं. जुन्या लँड क्रूझरच्या हबमध्ये बोल्टांऐवजी स्टड असतात, नटाखाली शंकूच्या आकाराचे चिरलेले वॉशर. नट आवळला की शंकू भोकात घुसतो, फट भरून काढतो आणि सहाही स्टड एकाच वेळी भार घ्यायला तयार होतात. स्टडचा आणखी एक गुण म्हणजे तो हबमध्ये कायम राहतो. दर पावसाळ्यानंतर ग्रीस बदलायला डबी उघडली तरी हबच्या आट्यांना पाना लागत नाही, फक्त नट फिरतो. जीपचा हब आट्यांनी थकला असेल तर लेथवर भोकं साफ करून 10.9 चे स्टड बसवून घेणं, हा कुडाळच्या एमआयडीसीच्या आवाक्यातला आणि मनापासून सुचवावा असा उपाय आहे.

बसवण्याची रीत बोल्टाच्या प्रतीइतकीच वजनदार आहे. कवच आणि हब यांची तोंडं रंग, गंज, जुनं पॅकिंग खरवडून धातू दिसेपर्यंत स्वच्छ करायची. जाड कागदी पॅकिंग टाळायचं. ते दबत जातं आणि त्याच्याबरोबर बोल्टाचा ताणही उतरतो. पातळ पॅकिंग किंवा सिलिकॉनची बारीक रेघ पुरते, आणि ती हवीच. गाडी चालून हब तापतो आणि व्हाळाच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आखडून फटीतून पाणी ओढते. मग ग्रीसचं ताक होतं.

स्प्रिंग वॉशरवरची श्रद्धा मात्र सोडावी. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की बोल्ट सैल होतो तो आडव्या हादऱ्यांनी, दोन तोंडं एकमेकांवर सरकली म्हणजे. स्प्रिंग वॉशर पूर्ण चपटा झाल्यावर त्याची स्प्रिंग उरतच नाही. त्यापेक्षा कडक सपाट वॉशर घ्यावा आणि आट्यांवर निळं लॉकटाइट लावावं. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट घेत, तीन टप्प्यांत. 8 मिलिमीटरच्या कोरड्या 10.9 बोल्टाला सुमारे 36 न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे वीत-सव्वा वीत पान्यावर साधारण 18 किलोचा जोर. हबच्या कवचावर बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा, विशेषतः कवच ॲल्युमिनियमचं असेल तेव्हा. आणि आट्यांना तेल लावलं असेल तर तोच आकडा वापरू नये. तेलामुळे आट्यांचं घर्षण उतरतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट एक तृतीयांश जास्त ताणला जातो, म्हणजे थेट सुरक्षित मर्यादेच्या काठावर. लॉकटाइटही ओलंच असतं, त्याच्या डबीवरची सूचना वाचून जोर थोडा उतरवावा.

शेवटी पांढऱ्या ऑइलपेंटची काडी घ्यायची आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून कवचावर उतरणारी एक सरळ रेघ ओढायची. शंभरेक किलोमीटर गाडी चालवायची, त्यात एखादा खरा चढ असावा, शिवापूरपर्यंत जाऊन आलं तरी चालेल. परत आल्यावर चिखल धुवायचा, चाकासमोर उकिडवं बसायचं आणि सहा रेघा बघायच्या. पाच जुळलेल्या असतात, चौथ्या बोल्टाची केसभर मोडलेली असते. तो काढायचा, भोकात बॅटरी मारायची, तळाशी राहिलेला जुन्या बोल्टाचा गंजका कीस टोकाने उकरून काढायचा, आणि पुन्हा आवळायचा.